लोणच्याच्या खोलीतला टायर

ये गं रेवा, जवळ ये जरा, आधी तुला रागावून घेते. एकाच गावात राहतो आपण, तू तिकडे गच्चीबावलीला काचेच्या इमारतीत आणि मी इथे नारायणगुड्याला, तरी तुला कागदावर हाक मारायची वेळ येते माझ्यावर. पुण्याहून नोकरीला आलीस तेव्हा तुझे बाबा मला म्हणाले होते, वहिनी, पोरीकडे लक्ष ठेवा. कुठून ठेवू लक्ष? दीड वर्षात दोनदा आलीस. एकदा कुकर न्यायला आणि एकदा तो परत द्यायला.

आणि परवा काय, तर फोनवर चार टायरांचे फोटो. खाली तुझं ते अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. काकू, रेसची सायकल घेतलीय, काका ट्युब्युलर वापरायचे ना, यातला कुठला घेऊ, नुसता नंबर सांगा. अगं, बोटांनी निवडायची वस्तू तू मला काचेतून दाखवतेस? तांदूळ तरी कोणी फोटो बघून घेतं का? उत्तर आलं नाही म्हणून तुला वाटलं असेल, काकूला फोन वापरता येत नाही. येतो, चांगला येतो. फोन हातात धरून मी लोणच्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते, ती बराच वेळ उठलेच नाही. म्हणून उत्तर राहिलं.

वैशाख लागला की माझं त्या खोलीत जाणं-येणं वाढतं. सकाळी नऊलाच अंगणातली फरशी पायाला चटका देते. काचीगुड्याकडून गाडीची शिट्टी येते तीही कोरडी होऊन येते. पण त्या खोलीला खिडकी नाही, उत्तरेची जाड भिंत आहे, आणि आत शिरलं की मोहरी, हिंग, तिळाचं तेल असा एक थंड वास अंगावर येतो. पूर्वी पाच बरण्या असायच्या. आता एकच, तीही बुटकी. लोणचं मी निम्मं आपलं, निम्मं इथलं घालते. हळद-हिंग माझ्या परभणीच्या आईचं, मोहरीची पूड आणि तिळाचं तेल शेजारच्या रावम्माचं. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनीच मला आवकाय, म्हणजे इथलं कैरीचं लोणचं, शिकवली. कैरी कोयीसकट फोडायची म्हणजे वर्षभर करकरीत राहते. एका माणसाला किती लागतं लोणचं? तरी हात पाच बरण्यांचंच मीठ घेतो, मग अर्धं परत डब्यात टाकायचं.

त्या खोलीत भिंतीला एक लाकडी खुंटी आहे. तिला एक पिशवी टांगलेली आहे, गोल, परातीएवढी, पांढऱ्या कापडाची. पांढरी होती, आता चहाच्या रंगाची झालीय. तिच्यात एक टायर आहे. तुझ्या फोटोतल्यांच्या जातीचा. तो तू जन्मायच्या आधीपासून तिथे आहे.

तुला माहीत असेल, पण नसलं तर सांगते. साध्या टायराला आत ट्यूब वेगळी असते, टायर रिमच्या ओठात अडकून बसतो. ट्युब्युलरचं तसं नाही. तो ट्यूबभोवतीच शिवून टाकलेला असतो, पोटाला शिवण असते, शिवणीवर कापडाची पट्टी. हा आख्खा गोल सोल्युशन लावून रिमवर चिकटवायचा. त्याला धरून ठेवायला दुसरं काही नाही, ना ओठ, ना तार. पट्टी आणि सोल्युशन यांचं जमलं तर जमलं. आमचे सत्तारभाई, चौकातले सायकलवाले, ते त्याला सिलाईवाला टायर म्हणायचे.

असा टायर फुटला तर टाकून देतात आता. आम्ही टाकत नव्हतो. तेव्हा तो मिळायचाच कुठे? कुणाचा भाऊ, कुणाचा मेहुणा जेद्दाला असायचा, तो सुट्टीवर येताना बॅगेत कपड्यांच्या घडीत एखादा लपवून आणायचा. मग पंक्चर झालं की तुझे काका पट्टी सोडवायचे, शिवण वीतभर उसवायचे, ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावायचे आणि टायर माझ्या मांडीवर देऊन म्हणायचे, घ्या मास्तर. मी ब्लाउज शिवायची ना गल्लीतल्या बायकांचे, म्हणून मास्तर. जाड सुई, मेण लावलेला दोरा आणि जुन्याच भोकांतून टाके. नवं भोक पाडलं की कापड तिथे फाटतं. काका पहाटे सायकल घेऊन निघाले की मी दारात उभी राहून बघायची. इतक्या वेगात जाणाऱ्या त्या चाकावर माझे टाके आहेत, हे त्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाला माहीत नसायचं. मला बरं वाटायचं त्याचं.

काका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. दिवसभर बारीक रेघा. सायकल त्यांनी स्वतः शिकून, जुन्या मासिकांत बघून, सत्तारभाईंशी वाद घालून वाढवलेली. घरात आम्ही दोघंच. मूल झालं नाही, त्याचं फार बोलणंही झालं नाही. सायकल दिवाणखान्यात उभी असायची, आणि पाहुणे आले की आधी तिच्याकडे बघायचे, मग आमच्याकडे.

मग ते बाजार उघडण्याचे दिवस आले. गल्लीत केबलच्या वायरी लोंबायला लागल्या, एसटीडीच्या पिवळ्या पाट्या आल्या, आणि एक दिवस काका कचेरीतून आले ते बूट न काढताच म्हणाले, अगं, हिमायतनगरात काचेत टांगलेत. काय टांगलंय ते मला विचारावं लागलं. परदेशी ट्युब्युलर, राजरोस, दुकानाच्या काचेत, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावेत असे. माणूस आनंदानं नुसता येरझाऱ्या घालत होता. म्हणाले, आता उसवणं नको, शिवणं नको, तुझी सुटका झाली. मी हसले. पण खरं सांगू, सुटका कोणी मागितली होती?

त्या साली थंडीत इथे मोठी शर्यत व्हायची होती. काका बेचाळिशीचे. पुढच्या वर्षी वयाच्या अटीत बसणार नव्हते. ते शर्यतीबद्दल फार बोलायचे नाहीत, पण पोळ्या मोजून खायला लागले होते आणि जिन्यावरून उतरताना गुडघ्याकडे बघायचे. त्यावरून मला कळायचं, ही शेवटची आहे.

दुकानदार ओळखीचा. त्यानं काकांना दोन तऱ्हेचे टायर एका दिवसासाठी घरी नेऊ दिले, बघा म्हणाला, उद्या सांगा. एक रेशमी धाग्याचा, एक सुती. तो दिवस माझा कैरीला मसाला लावायचा होता. परातीत कोपरापर्यंत हात घालून बसलेली मी, आणि दारात काका, दोन्ही खांद्यांवर एकेक टायर, एखाद्या गारुड्यासारखे. म्हणाले, हात धू आणि ये. मी धुतले. साबणानं धुतले, पदराला पुसले. आता लोणच्याचे हात धुतले म्हणजे किती धुतले, हे तुलाही कळेल तू कधी लोणचं घातलंस तर.

ते म्हणाले, "डोळे मीट. मला आकडे वाचता येतात, कापड नाही. तुझी बोटं सांगतील."

मी डोळे मिटले. त्यांनी आधी रेशमी हातात दिला. कसा सांगू तो, नव्या पैठणीच्या काठासारखा, बोट ठेवलं की घसरून पुढे जायचं. मग सुती. त्याचे धागे तिरपे, एकमेकांना लागून, पीळ सारखा, आणि दाबला की परत उठायचा. शिवणीवरून बोट फिरवलं, पट्टी सरळ आहे का पाहिलं, कुठे गाठ, कुठे जोड. पूर्ण वेटोळं, दोनदा. मी म्हटलं, हा. रेशमी छान आहे, पण तो दाखवायला आहे. हा सुती तुम्हाला नेईल. डोळे उघडले, तर काका टायराकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होते. असं कुणी माझ्या हातांकडे आधी बघितलं नव्हतं. नंतरही नाही.

सुती तीन घेतले. दोन चाकांना दोन आणि एक जादा. माझ्या बोटांखालून गेला होता तो त्यांनी दुकानात परत दिलाच नाही, म्हणाले, हा पुढच्या चाकाला, हा माझ्या बायकोनं निवडलाय.

आता ह्या टायरांचं एक आहे. आणल्या आणल्या लावायचे नसतात. सहा महिने अंधारात, गारव्यात, थोडी हवा भरून टांगून ठेवायचे, म्हणजे रबर मुरतं आणि काटा लवकर शिरत नाही. काकांनी सांगितलं तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, हे तर लोणचंच झालं की. मुरवायचं तर माझ्या खोलीत ठेवा, तिच्याएवढी गार जागा ह्या घरात नाही. त्यांनाही पटलं. खुंटीला तिन्ही टायर टांगले, खाली पाच बरण्या.

तो सबंध उन्हाळा आणि मग पावसाळा मी त्या टायरांची निगराणी केली. टायर शिवणं गेलं होतं ना माझं, मग हे काम मी धरून ठेवलं. दर दोन-चार दिवसांनी खोलीत जायचं, बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं, दादरा, सोडायचा, लाकडी पळीनं लोणचं खालवर करायचं, दादरा बांधायचा आणि वर हात करून टायर थोडे फिरवायचे, म्हणजे खुंटीवर एकाच जागी दुमडायला नको. मग प्रत्येकात पंपाचे दोन दाब हवा. पुढच्या चाकाचा माझा लाडका, त्याला मी जरा जास्तच कुरवाळायची. रावम्मा एकदा बघून म्हणाल्या, तू लोणच्याशी बोलतेस का टायराशी? मी म्हटलं, दोघांशी, दोघंही उलटून बोलत नाहीत. खूप हसलो होतो आम्ही. रावम्माही गेल्या आता. त्यांच्या घरात कोण राहतं मला माहीत नाही, दार बंद असतं आणि आतून मिक्सरचा आवाज येतो.

दिवाळीनंतर सत्तारभाई आणि काका, दोघांनी मिळून टायर लावले. रिमला सोल्युशनचे तीन हात, पट्टीला दोन, मध्ये एकेक दिवस वाळवण. अंगणात चटई टाकून दोघं जवाहिऱ्यासारखे बसले होते. मी चहा नेऊन देत होते आणि मनात म्हणत होते, छान मुरलेत.

शर्यतीला आठ दिवस होते. सकाळची वेळ, धुकं होतं थोडं. काका नेहमीसारखे निघाले आणि ऑटोतून परत आले. पुढचं चाक वेगळं काढून मांडीवर धरलेलं, सायकल पाय ठेवायच्या जागेत आडवी, आणि उजवा खांदा खाली लोंबलेला. म्हणाले, काही नाही, टँकबंडच्या वळणावर टायर सुटला. हाड जोडलं जाईपर्यंत हात गळ्यात. शर्यत गेली. त्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, नकाशाची पेन्सिल कधी धरता येईल.

संध्याकाळी सत्तारभाई आले. चिडलेच होते, कारण काम त्यांच्या हातचं. चाक उजेडात धरून बघितलं, मग टायर उलटा केला आणि पट्टीवर अंगठा घासून नाकाजवळ नेला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात.

"सोल्युशन अपना काम करा, साब," ते म्हणाले. "पट्टीच पकडी नै. देखो, तेल पी को बैठी है. और ये पीला क्या है? हल्दी?"

रेवा, मी तिथेच उभी होते. मला सगळं एकदम कळलं. पळी, दादरा, वर केलेला हात, ते कुरवाळणं. तीन टायरांत त्याच एकाला मी सगळ्यात जास्त हात लावला होता. माझ्या तोंडात वाक्य आलं होतं. ते बाहेर पडायच्या आत काका म्हणाले,

"अरे मियां, मेरेच हाथ. नाश्ता करते करते लगाया था."

हा माणूस टायराला हात लावायच्या आधी दोनदा साबण लावायचा. सत्तारभाईंनाही ते माहीत होतं. त्यांनी काकांकडे बघितलं, मग ट्रेकडे, मग चहा उचलला. मला वर बघवलं नाही. आणि मी, तुला सांगते, काहीच बोलले नाही. रात्री सांगू, उद्या सांगू, हात बरा झाला की सांगू. दिवस गेले की गोष्ट सांगायची राहते, तशी ती राहिली. अठ्ठावीस वर्षं राहिली.

पण त्याच आठवड्यात काय झालं ते ऐक. दुपारी मी डोळा लागून उठले, तर काका लोणच्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेले. उजवा हात गळ्यात आणि डाव्या हातानं काहीतरी शिवत होते. बरणीवर बांधायचा नवा कोरा दादरा होता धुऊन ठेवलेला, तो दुमडून पिशवी करत होते. उरलेल्या त्या तिसऱ्या टायरासाठी. टाके बोट-बोट लांब, वेडेवाकडे, सुई पायाच्या अंगठ्यात धरून दोरा ओवलेला. माझं मशीन तिथून दहा पावलांवर. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. त्यांनी मला पाहिलं, आणि पुन्हा सुईकडे बघितलं. मास्तर म्हणून हाक नाही मारली. पिशवी झाली, तिच्यात टायर घातला, नाडी ओढली आणि परत त्याच खुंटीला टांगला.

तेव्हापासून मी ह्या एका गोष्टीला किती बाजूंनी धरून पाहिलंय. त्यांनी टायर माझ्या खोलीतून हलवला नाही, हे खरं. आणि पिशवी मला शिवायला सांगितली नाही, हेही खरं. राग होता म्हणावं, तर खोटं बोलून मला झाकलं का? राग नव्हता म्हणावं, तर ती दुपार? विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं त्यांनी. पण विचारायचं तर आधी माझं वाक्य बोलायला हवं होतं.

खांदा बरा झाला. काका साधे टायर लावून कचेरीत जायला लागले, पुढे स्कूटर आली. पहाटे उठायचे मात्र तसेच, आणि खिडकीशी बसून पेपरवाल्यांच्या सायकली बघायचे. मी माझ्याकडून एक केलं, ते मला तेव्हा दिसलंच नाही, अलीकडे दिसतं. मी त्यांच्यासाठी काही निवडणं सोडून दिलं. शर्टाचं कापड घ्यायला गेलो की ते ताग्याचं टोक माझ्याकडे करायचे, बघ गं, बोटानं बघ. मी म्हणायची, तुम्हीच बघा, मला काय कळतंय. दोन-तीन वर्षं ते टोक पुढे करत राहिले. मग त्यांनीही सोडलं. ते टोक म्हणजे हाकच होती बहुधा. मी हात मागे घेऊन बसले आणि वाट बघत राहिले की ते हाक मारतील.

काकांना जाऊन चार वर्षं झाली. घर तेवढंच आहे, आवाज कमी झालेत. संध्याकाळी शेजारच्या शाळेची मुलं गेली की गल्ली एकदम रिकामी होते आणि मी उगाच दाराची कडी आहे का बघून येते. लोणचं हलवायला खोलीत जाते तेव्हा आता आधी हात धुते, हळदीचा डागसुद्धा नखात ठेवत नाही. पिशवीची नाडी सोडते, टायर जागचा हलवते, पंपाचे दोन दाब हवा देते. दुसऱ्या दिवशी ती गेलेली असते. जुना झाला तो, त्याच्यात काही राहत नाही. तरी भरते. कुणी विचारलं का भरता, तर सांगता येणार नाही, आणि विचारायला कुणी येतही नाही.

तर तुझ्या चार फोटोंचं उत्तर असं, की फोटोवरून मी सांगणार नाही. रंगावर जाऊ नकोस. दुकानदार म्हणेल हलका घ्या, म्हणू दे. कापड कसं विणलंय, दाबला तर उठतो का, पट्टी सरळ आहे का, हे बघायचं असतं, आणि ते बघायला बोटं लागतात. माझी आहेत अजून. थोडी जाड झालीत, पण आहेत. अठ्ठावीस आणि चार, इतक्या वर्षांत त्यांनी कुणासाठी काही निवडलं नाही. तू विचारलंस तेव्हा आधी भीती वाटली, खोटं कशाला बोलू. मग वाटलं, ह्या पोरीनं टोक पुढे केलंय, ह्या वेळी हात मागे घेऊ नये.

ते चारही टायर एका दिवसासाठी घरी घेऊन ये. दुकानदार नाही म्हणेल, तर माझं नाव सांग. ऐकणार नाही तो, पण सांग. मी लोणचं शनिवारीच हलवून ठेवीन, रविवारी बरणीला हात लावणार नाही. आलीस की खुंटीवर पिशवी बघशील ती काकांची आहे, टाके हसण्यासारखे आहेत, पण हसायच्या आधी मला विचार. मी सांगेन तुला सगळं तोंडानं, लिहिण्यात काही काही सुटतं.

ह्याच रविवारी ये गं. मी हात धुऊन, डोळे मिटून बसलेली असेन. तू फक्त टायर हातात दे.